देवापुढचं बटण

शिकवणी रंगात आली की वायफाय जायचं. केतकीनं केबल बदलली, कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला, तरी तेच. आज ती तडक हॉलमध्ये आली, तर सासरे राउटरचं बटण बंद करत होते.

“घरच्या सुनेनं दिवसभर पडद्याशी बोलत बसायचं? शोभतं का?”

“शोभतं, अण्णा.”

तिनं राउटर उचलून देव्हाऱ्यात ठेवला. देवापुढचा विजेचा दिवा या घरात कधीच कुणी बंद करत नसे. त्याच्याच बटणावर तिनं राउटर जोडला. खंडेनवमी होतीच. तिनं राउटरला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

“हे माझं हत्यार. करा आता बंद!”

अण्णांचा हात तावातावानं बटणापर्यंत गेला, थबकला. मग सवयीनं दुसरा हातही येऊन त्याला जुळला.