प्रेताचं काम

“सांग बरं, मला कोण मारणार?” वडिलांनी विचारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारची दुपार होती. पडद्यावर एक माणूस दबकत जिना चढत होता. जिना लाकडी होता, पण बुटांचा आवाज फरशीवरचा येत होता.

“तुमच्या भागीदारानं,” मुलगी म्हणाली. “पहिल्यापासून हातमोजे घालून फिरतोय. घरातल्या घरात. भर उन्हाळ्यात.”

“ते दिग्दर्शकाच्या बायकोचे आहेत. भांडी घासायचे.” वडील खूश होऊन हसले. “आणि भागीदार नाही. साफ चूक!”

वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. अधूनमधून दुकान बंद ठेवून ते ओळखीतल्या हौशी मंडळींच्या रहस्यपटात काम करायला जायचे. काम ठरलेलं. पहिला खून त्यांचा व्हायचा. मंडळी कुणाचा तरी फ्लॅट दिवसभरासाठी मागून घेत, कपडे घरून आणत. पोलिसाचा गणवेश एकच होता, त्यामुळे दोन पोलीस कधी एकत्र दिसत नसत. वडिलांना यातलं काही म्हणजे काही खटकायचं नाही.

“मोठ्या सिनेमात गल्लीसुद्धा बांधून काढतात,” ते म्हणायचे. “आमचा खुनी आपल्याच गल्लीतून पळतो. आता भीती कशाची जास्त वाटेल, तूच सांग.”

मुलगी कॉलेजात साहित्य शिकवायची. इथे मात्र ती पाय वर घेऊन बसायची, संवादांची टिंगल करायची, खुन्यावरून वडिलांशी वाद घालायची. पण वडिलांच्या खुनाचा प्रसंग जवळ आला की उठायची. कधी फोन घ्यायला, कधी गॅलरीतले कपडे काढायला. ती परत येईपर्यंत तपास सुरू झालेला असायचा.

त्या शनिवारीही ती उठली.

“अगं, बस की जरा. आता माझंच काम आहे.”

“चहा टाकते, बाबा.”

वडील आईकडे वळले. “तिला लाज वाटते गं माझ्या कामाची,” ते म्हणाले. आवाज खाली आणला होता, तरी स्वयंपाकघरात ऐकू आलं. तिनं चहात साखर घातली, ढवळली, मग उगाचच पुन्हा ढवळली. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर पोलीस कपाटं उघडून बघत होता.

“कसं झालंय काम?” वडिलांनी नेहमीसारखं विचारलं.

“कॅमेरा फार हलतो,” ती नेहमीसारखं म्हणाली.

सोमवारी वडील दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्म्याची काडी बसवून घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक बराच वेळ समोर थांबलं. डुलकी लागली असेल, कशाला उठवा, असं त्याला वाटलं.

भेटायला येणाऱ्यांची ये-जा संपली. घर शांत झालं. आई वडिलांचे फोटो काढून बसायची, पण मुलीला फोटो नको होते. फोटोत वडील चारचौघांसारखे दिसायचे, ओठ मिटून, ताठ. तिला ते दार ढकलताना हवे होते. कानामागे काडी अडकवताना, किल्ली कुठल्या खिशात आहे ते चाचपताना. तसे ते आता फक्त त्या सिनेमांत उरले होते, आणि तेही खून होईपर्यंत. ती तेवढंच लावायची. वडील आत यायचे, दिवा लावायचे, कुणाची तरी चाहूल लागून मागे वळायचे. ती तिथेच थांबवायची आणि पुन्हा मागे न्यायची. वडील पुन्हा आत यायचे.

एका दुपारी आई शेजारी येऊन बसली. तिनं रिमोट काढून घेतला.

“पुढे जाऊ दे की गं.”

“नको, आई.”

“खरी गंमत पुढेच आहे. तू मेली कधी धड बघितलंच नाहीस.”

मुलीनं उठायला हात टेकला. आईनं तो दाबून धरला.

खून झाला. वडील कोसळले, पण कोसळताना गुडघा जपून. गालिच्यावर उताणे झाले, डोळे मिटले. कॅमेरा हलत हलत त्यांच्याजवळ गेला. अंगात घरचाच चौकड्यांचा शर्ट होता. पोटावरचं बटण हळूच वर आलं. मग खाली गेलं. मग पुन्हा वर.

“बघ, बघ!” आईला हसू आवरेना. “एकाही सिनेमात ह्यांना श्वास रोखता आला नाही. दिग्दर्शक डोक्याला हात लावायचा. पण फ्लॅट संध्याकाळी परत द्यायचा असायचा, पुन्हा कधी घेणार?”

“मग हे काम बाबांनाच का द्यायचे?”

“दुसरं कोण पडून राहणार? ज्याला त्याला खुनी व्हायचं असतं!”

हसता हसता आईनं पदर डोळ्यांना लावला. मुलगी उठली. या वेळी ती आत गेली नाही, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. पडद्यावर पोलीस आला. वाकून त्यानं वडिलांची नाडी बघितली, टोपी काढली, मान हलवली. त्याच्या कोपराआडून बटण वर येत होतं, खाली जात होतं.

“लाज नव्हती वाटत, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “तुम्हाला मेलेलं बघवायचं नाही मला.”