न मोजलेलं घर

“सरपंचकाकू, तुमच्या दुमजली बंगल्याला पत्र्याच्या खोलीइतकीच घरपट्टी कशी?”

‘भर ग्रामसभेत हे विचारून दाखवच,’ अशी मैत्रिणींची पैज होती. नववीतल्या तेजलने सरळ माईक ओढून घेतला आणि विचारून टाकलं. मागे बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, तशी तिची कॉलर आणखीच ताठ झाली.

सरपंचबाई नुसत्या हसल्या. “भाऊसाहेब, हिच्याही घराचं वाचा की जरा.”

ग्रामसेवकाने घरपट्टीच्या नव्या यादीचं पान उलटलं. “मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, खोली एक.”

तेजलच्या घराला स्लॅब होता, चार खोल्या होत्या आणि मागच्याच दिवाळीत फरशीही बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून चपलेचा अंगठा न्याहाळत होते. मग तिला आठवलं. घर मोजायला आलेली माणसं टेप न उघडताच जेवायला बसली होती आणि गावरान कोंबडीचा रस्सा तिनेच आग्रह करकरून वाढला होता. तिला वडिलांची किळस आली आणि त्या आग्रहाची त्याहून जास्त.

घरी आल्यावर वडील म्हणाले, “सगळं गाव असंच करतं, बाळा.”

“अन् तुला माईक धरायला कुणी सांगितलं होतं?” आई म्हणाली.

“यादीवर हरकत घ्यायला अजून आठ दिवस आहेत,” तेजल वहीतला कोरा कागद फाडत म्हणाली. “बंगल्यावर मी हरकत घेणारच आहे. पण पहिली आपल्या घरावर.”