पिवळ्या जर्स्या

मॅच हरून पोरी हसतखिदळत बसकडे आल्या, तेव्हा पाडवी सरांच्या हातातली बाटली तोंडाशी पोचलीच नाही. सगळ्यांच्या अंगावर समोरच्या शाळेच्या निळ्या जर्स्या होत्या. आपल्या आश्रमशाळेची पिवळी एकही दिसेना.

"त्यांनी अंगातल्या काढून दिल्या, सर," कॅप्टन रोशमा म्हणाली. "खेळ संपला की अशी रीत आहे म्हणे. मग आम्हीपण दिल्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का?"

"अगं बाई, पण तू चुलीवरचं एकुलतं एक पातेलं देऊन आलीस."

सर मटकन बसच्या पायरीवर बसले. सातपुड्यातून श्रीलंकेपर्यंत आणलेला तो एकच संच होता. उद्या दुसऱ्या शाळेशी शेवटची मॅच. परक्या शाळेचं नाव छातीवर घेऊन आलेल्या पोरींना कोण खेळू देणार? पोरींचं हसू तिथंच विरलं.

सकाळी सरांनी हात जोडूनच पंचांना गाठलं. पंचांनी निळ्या रांगेवरून नजर फिरवली. "सगळ्यांचा रंग एक आहे, नंबर आहेत. खेळा."

सर वळले आणि जागीच थिजले. समोरच्या बाकांवर काल जिंकलेल्या पोरी ओळीनं बसल्या होत्या, झाडून सगळ्या पिवळ्या जर्सीत, आणि घसा फोडून रोशमाच्या संघाला हाका घालत होत्या.

सात नंबरवालीनं सरकून सरांना जागा करून दिली. तिच्या पाठीवरचा सात सरांनी स्वतः शिवला होता, जरा तिरकाच.