वायरीपलीकडे

छपरावरून पडल्यापासून फिटरबाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. लेकीने त्यांच्यासाठी कॅमेऱ्याची छोटी गाडी बनवली, पण तिच्यातला तळहाताएवढा कॉम्प्युटर भिंतीच्या विजेवर चालायचा. वायर संपली की गाडी दारातच अडायची. बॅटरी लावली, तर चाकं फिरताच कॉम्प्युटर मान टाकायचा. “अगं, वीज चाकंच ओढून घेतात. कॉम्प्युटरला वेगळी बॅटरी दे,” बाबा पडल्यापडल्या म्हणाले. आज लेकीने तसंच केलं, वायर काढली, चाकं फिरवून पाहिली. कॉम्प्युटरचा दिवा जळतच राहिला. “आता तुम्हीच न्या,” म्हणत तिने मोबाइल बाबांच्या हातात दिला. अंगठ्याच्या इशाऱ्यावर गाडीने उंबरा ओलांडला. ती गवतातून कुंपणापर्यंत गेली. तिथे त्यांनी ती वळवली. पडद्यावर त्यांना स्वतःचं घर बाहेरून दिसलं. मग त्यांनी उशाशेजारच्या खिडकीत हात हलवला. क्षणभराने पडद्यावरही हात हलला.