सातवं प्रकरण

प्रभुणे सरांचं कशातच लक्ष लागेना. चहा झाला, चिवडा झाला, तरी जपानहून आलेल्या होणाऱ्या जपानी व्याह्यांनी सरांनी लिहिलेलं पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी जपानशी केलेल्या मुत्सद्देगिरीवरचं इंग्रजी पुस्तक, नऊ वर्षांची मेहनत, भेटीच्या कागदात गुंडाळलेलं तसंच टीपॉयवर पडून होतं!

सरांनी दोनदा पंखा वाढवला, एकदा कमी केला. शेवटी पाणी आणायच्या निमित्तानं मुलीला स्वयंपाकघरात गाठलं.

"साधी उत्सुकता नाही गं त्या माणसाला! अशा घरात तू नांदणार? मला नाही पटत हे लग्न."

मुक्तानं कपाळाला हात लावला. "बाबा, देणाऱ्यासमोर भेट उघडली की त्यांच्यात हावरटपणा दिसतो. सातव्या प्रकरणात तुम्हीच लिहिलंय. टाइप मीच केलंय ना!"

सरांनी बाहेर सोफ्याकडे पाहिलं. व्याह्यांनी आणलेला खोका त्यांनी स्वतः दारातच टराटरा फाडला होता. त्याचा सोनेरी कागद अजून सोफ्याखाली पडला होता.

मान खाली घालून ते बाहेर आले. पाहतात तर व्याही पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. इथली रीत ते सरांकडे बघूनच शिकले असावेत. कान लालबुंद झाले होते, तरी त्यांनी कागदाला नख लावलं, क्षणभर डोळे मिटले आणि तो टर्रकन फाडला.

सरांनी वाकून सोफ्याखालचा कागद काढला. तो मांडीवर पसरून, तळहातानं एकेक चुणी सरळ करत, ते त्याची घडी घालू लागले.