सागवानी दाराचं पेन

द्वारका चौकाजवळची जुनी धर्मशाळा पाडली, तेव्हा तिचं सागवानी दार मी भंगारवाल्याकडून उचललं. २००३ साल होतं, गंगापूर रोडच्या गिऱ्हाइकांना जुन्या लाकडाची पेनं हवी असायची. दाराला बाहेरून ठोकलेल्या खिळ्यांची भोकंच भोकं होती, जणू कधीकाळी कुणाला आत कोंडून ते बंद केलं होतं. ती टाळून मी घरच्या लेथवर पहिलं पेन कातलं आणि टेबलावर ठेवलं.

लगेच त्यातून टकटक ऐकू आली. टोपण काढलं, निब उपसली, तरी थांबेना.

बायको, कुसुम, स्वयंपाकघरात होती. कुणी दार वाजवलं की म्हणते, तसं सवयीनं म्हणाली, “या, या, दार उघडंच आहे!”

टकटक थांबली. आणि आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं. तिथं आमची ओवी तापानं पडून होती.

त्या दाराला आतून कडीच नाही, तरी ते हलेना. मी फटीत पटाशी घातली, ती मोडली. खांद्यानं धडका दिल्या. कुसुम माझ्या शेजारी दार बडवत रडत होती, “ओवी, बाळा, एकदा ओ दे गं!”

आतून ओ आली. कुसुमच्याच आवाजात.

“या, या, दार उघडंच आहे!”