कानोकानी
पहिल्याच वाक्यात टेलरमास्तर अडखळले आणि गर्दीतले मोबाईल वर झाले.

दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या दुकानामागच्या अंगणात माणसं जमायची. ज्याला वाटेल त्याने उठून मनातलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ना फलक, ना निमंत्रण. याने त्याला सांगितलं, त्याने बहिणीला, एवढ्यावरच पंधरा-वीस जण यायचे. मास्तर लहानपणापासून तोतरे, गिऱ्हाइकांशीही खुणांनीच भागवणारे. पण इथे बोलायचे. मग पेपरात अंगणाचा फोटो छापून आला. आज अंगण, जिना, कुंपणाची भिंत, पलीकडची गल्ली, सगळीकडे डोकीच डोकी. नेहमीचे मोजके तेवढे पुढे अंग चोरून बसले होते.

"आज राहू द्या," बायको हळूच म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगा."

"द-दादा आलाय," मास्तर म्हणाले.

फाटकाशी त्यांचा थोरला भाऊ काठीवर रेलून उभा होता. पेपर वाचूनच आला होता. लहानपणी रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकखाली त्याचा पाय गेला. धाकटा समोर उभा राहून नुसता बघत होता, एवढंच त्याला आठवत होतं. कित्येक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. "ट्रक मागे येत होता. दादाची पाठ होती त्याच्याकडे. मला ओ-ओरडायचं होतं. थ... थ..."

भिंतीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. सगळे जिला आत्या म्हणायचे ती म्हातारी पुढून वळली आणि मागच्याच्या कानाशी लागली. "शब्द अडला तर वाट बघायची. आपण पुरवायचा नाही."

त्याने तेच त्याच्या मागच्याला सांगितलं. कुजबुज ओळीओळीने सरकत गेली, जिना चढली, भिंतीवरून गल्लीत उतरली. तिच्यामागून मोबाईल खाली येत गेले. एवढी माणसं, आणि दुकानातल्या घड्याळाची टिकटिक अंगणात ऐकू येत होती.

मास्तरांच्या मानेची शीर फुगली. ओठ थरथरत राहिले. कुठला शब्द अडलाय हे आता गल्लीतल्या शेवटच्या माणसालाही कळलं होतं. कुणीही तो उच्चारला नाही.

"थांब," मास्तर म्हणाले. "थांब, दादा."

फाटकाशी भावाने मान वर केली. ती हाक त्याच्यापर्यंत आत्ता पोचली होती.